जबड्याच्या सांध्यामुळे कानात आवाज येऊ शकतो का?

मृण्मयी_सांगली | १४ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. गेले अडीच महिने माझ्या डाव्या कानात आवाज येतोय. बारीक, उंच पट्टीतला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी सूं-सूं सुरू होते ना, अगदी तसा. दिवसभर शाळेत असते (मी पाचवी-सहावीला शिकवते), तिथं पोरांच्या कलकलाटात काही कळत नाही. रात्री मात्र पंखा बंद केला की तो आवाज समोर येतो. म्हणून पाऊस सुरू होऊन गारवा आला तरी मी पंखा लावूनच झोपते आणि नवरा बिचारा रजई घेतो.

सुरुवात सांगते. मार्चच्या शेवटी खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल केलं. एका बैठकीत सव्वा तास तोंड उघडं होतं. दुसऱ्या दिवसापासून कानाच्या पुढे ठसठस, जांभई देताना 'कट्' असा आवाज, आणि चार-पाच दिवसांत ही शिट्टी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. मळ नाही, पडदा चांगला, ऐकण्याची चाचणीही व्यवस्थित. "कान ठीक आहे, सवय करून घ्या," म्हणाले.

परवा मात्र एक गोष्ट माझी मलाच सापडली. आरशासमोर दात घासताना खालचा जबडा पुढे काढला आणि शिट्टीची पट्टी चढली. मागे घेतला, उतरली. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तसंच. नवऱ्याला सांगितलं तर त्याला भास वाटतो. मला नाही वाटत.

जबड्याच्या दुखण्यातून कानात आवाज येऊ शकतो का? कुणाला अनुभव आहे का?

---

रानजाई | १४ जून, रात्री १०.४१

येऊ शकतो. मला झालंय. उद्या सविस्तर लिहिते, आज मुलाची परीक्षा आहे डोक्यावर.

---

नाना_देवरुखकर | १४ जून, रात्री ११.०५

मृण्मयीताई, मला काही हे पटत नाही. जबडा चावायला, कान ऐकायला. आधी रक्तदाब, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. मला स्वतःला सहा-सात वर्षं दोन्ही कानांत रातकिडे ओरडतात. वय ६८. माझा जबडा ठणठणीत आहे, अजून ऊस दातानं सोलतो.

---

दातवाली_डॉक्टर | १५ जून, सकाळी ७.३०

मी दंतवैद्य आहे. नानाकाका, जरा एक करून बघा. दोन्ही करंगळ्या कानाच्या भोकात अलगद ठेवा, बोटाचा मऊ भाग पुढच्या बाजूला. आता तोंड उघडा, मिटा. बोटाला काहीतरी सरकताना लागतं ना? तो जबड्याचा सांधा. कानाच्या नळीच्या पुढच्या भिंतीला तो जवळपास टेकलेला आहे. इतका सख्खा शेजार शरीरात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

या सांध्यात कवटीचं हाड आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. तोंड उघडताना ती हाडासोबत पुढे सरकायला हवी. ती जागेवरून सुटली की उघडताना 'कट्' होतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल (स्वतःची तीन बोटं उभी मावली पाहिजेत), तर त्याला हात लावायची गरज नसते.

मृण्मयीताईंचा प्रश्न जुना आहे. सेंट लुईसमधले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली ११ रुग्णांवरून असं मांडलं की कानात दडे बसणं, आवाज येणं, चक्कर या तक्रारींचं मूळ जबड्यात असू शकतं. त्यांनी दिलेलं कारण असं की मागच्या दाढा गेल्या की जबडा मागे सरकतो आणि कानाजवळच्या नसा चेपतात. हे कारण पुढे शरीररचनेच्या अभ्यासात टिकलं नाही. पण जबड्याच्या रुग्णांमध्ये कानाच्या तक्रारी जास्त दिसतात हे निरीक्षण टिकलं, ते आम्ही रोज बघतो.

ताई, एक विचारते. सकाळी उठल्यावर गाल, कानशिलं जड वाटतात का? झोपेत दात खाता का?

---

मृण्मयी_सांगली | १५ जून, दुपारी १.१५

डॉक्टर, हो! नवरा सांगतो की मी 'करकर' दात खाते, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो घाबरला होता. रूट कॅनल करणाऱ्या डॉक्टरांनीही दाढा घासून सपाट झाल्यात असं म्हटलं होतं. मला तेव्हा त्याचा अर्थच कळला नाही.

---

श्रवणा | १५ जून, दुपारी ३.५०

मी श्रवणतज्ज्ञ आहे, ऐकण्याच्या चाचण्या करते. वरच्या प्रतिसादाला थोडी जोड देते, कारण फक्त शेजार आहे म्हणून आवाज येत नाही. खरा दुवा मेंदूत आहे.

कानाकडून आलेला संदेश मेंदूच्या देठात ज्या पहिल्या थांब्यावर पोचतो, तिथल्या डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लियस नावाच्या भागात आणखी एक वाट येऊन मिळते. ती चेहऱ्याची संवेदना आणि चावण्याचे स्नायू सांभाळणाऱ्या पाचव्या नसेची, म्हणजे ट्रायजेमिनलची. मानेकडूनही तशीच वाट येते. मिशिगन विद्यापीठातल्या सुसान शोअर यांनी गिनीपिगवर अनेक वर्षं काम करून दाखवलं की या पाचव्या नसेकडून येणाऱ्या संदेशांमुळे तिथल्या पेशींचं वागणं बदलतं. म्हणजे जबड्याचे स्नायू सतत आवळलेले असतील तर बाहेर काही नसतानाही मेंदूला आवाज 'ऐकू' येऊ शकतो, किंवा असलेला आवाज वाढू शकतो. नवऱ्याला सांगा, हा भास नाही.

पण सावकाश. जबडा पुढे काढल्यावर आवाज बदलतो एवढ्यावरून 'जबड्यामुळेच' म्हणता येत नाही. गोंगाटानं किंवा वयानं ऐकणं कमी झालेल्या कितीतरी लोकांतही तो तसा बदलतो. तुमच्या बाबतीत बाकीच्या गोष्टी जुळतात: दुखणं आणि आवाज एकाच आठवड्यात सुरू, एकाच बाजूला, ऐकणं चांगलं, दात खाण्याची सवय.

आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. एकाच कानात आवाज टिकून राहिला तर एमआरआय करायचा की नाही हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण क्वचित ऐकण्याच्या नसेवर साधी गाठ असते. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर तपासणी हवीच. आणि एका दिवसात अचानक एका कानानं ऐकू येणं कमी झालं तर ती तातडीची बाब आहे, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग जास्त. "मळ असेल, बघू पुढच्या आठवड्यात" म्हणून लोक थांबतात आणि तो कान कायमचा जातो. मी हे फार वेळा पाहिलंय.

---

निवृत्त_मास्तर | १५ जून, सायं. ६.१०

जीवशास्त्र शिकवण्यात ३१ वर्षं गेली, म्हणून राहवत नाही. जबडा आणि कान हे शेजारी नाहीत, भावंडं आहेत. गर्भाच्या गळ्याजवळ ज्या कमानी उठतात, त्यांतल्या पहिल्या कमानीतून खालचा जबडा घडतो आणि त्याच कमानीतल्या मेकेलच्या कूर्चेच्या (कूर्चा म्हणजे मऊ, लवचीक हाड) मागच्या टोकापासून कानातला हातोडा आणि ऐरण ही दोन हाडं होतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत हीच हाडं जबड्याच्या सांध्यात असतात. सरडा ज्या हाडांनी जबडा हलवतो, त्यांनी आपण ऐकतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायखर्ट यांनी १८३७ साली हे नातं दाखवलं आणि पुढे जीवाश्मांनी त्याला दुजोरा दिला.

खुणा अजून शिल्लक आहेत. कानाचा पडदा ताणणारा इवलासा स्नायू आणि चावण्याचे दांडगे स्नायू, दोघांना एकच नस हुकूम देते. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गाल चाचपू लागत.

---

रानजाई | १५ जून, रात्री ९.३०

मास्तर, काय सुंदर! आता पुढे कानातली हाडं म्हटलं की मला सरडा आठवणार.

माझा अनुभव लिहिते. २०१९ मध्ये उजव्या कानात आवाज, सोबत कान भरल्यासारखा वाटायचा. आधी कानाच्या थेंबांत चार महिने गेले. मग दातांच्या डॉक्टरांनी रात्री दातांवर घालायची कडक पारदर्शक पट्टी दिली, फिजिओथेरपिस्टनं गालाचे आणि मानेचे स्नायू सोडवायला शिकवले. कान भरल्याचं वाटणं दीड महिन्यात गेलं. आवाज पूर्ण गेला नाही, पण पूर्वी दहात आठ असेल तर आता दोन आहे, तोही परीक्षांच्या दिवसांत.

---

अभिजित_ठाणे | १६ जून, सकाळी ८.४५

दुसरी बाजूही इथे असू दे. मलाही 'जबडाच कारण' म्हणून सांगण्यात आलं. एका दवाखान्यात पट्टीचे १८ हजार घेतले, फरक पडला नाही. मग म्हणाले तुमचे दात नीट मिटत नाहीत, आणि चार निरोगी दाढा घासून 'बरोबर' केल्या. वर आणखी घेतले. आवाज तसाच. वर आता थंड पाणी प्यायलं की त्या दाढांत कळ येते.

शेवटी दुसरीकडे ऐकण्याची चाचणी केली. आलेखात ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, खड्डा. गोंगाटानं कान बिघडल्याची ती खूण. मी बारा वर्षं छापखान्यात काम केलंय. कारण तिथं होतं, जबड्यात नव्हतंच. राग याचा येतो की ही साधी चाचणी सुरुवातीला कुणी सांगितली नाही.

---

दातवाली_डॉक्टर | १६ जून, सकाळी १०.२०

अभिजितदादा, वाचून वाईट वाटलं आणि आमच्याच व्यवसायात हे होतं म्हणून जास्त. सगळ्यांना कळकळीनं सांगते: जबड्याच्या दुखण्यासाठी किंवा कानातल्या आवाजासाठी कुणी निरोगी दात घासायचं, सरसकट कॅप बसवायचं किंवा घाईनं शस्त्रक्रिया करायचं म्हणालं तर उठून या, दुसरं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही. सुरुवात नेहमी परत फिरता येईल अशाच उपायांनी करायची. विश्रांती, शेक, मऊ खाणं, व्यायाम, गरज असल्यास काढता येणारी पट्टी.

---

ताशेवाला_कसबा | १६ जून, दुपारी १२.३०

४००० हर्ट्झचा खड्डा वाचून बसलो. मी नऊ वर्षं पुण्यात पथकात ताशा वाजवतो. मिरवणूक संपल्यावर दोन दिवस कान वाजतात, हे आम्ही सगळे गृहीतच धरतो. गेल्या वर्षीपासून ते दोन दिवस संपतच नाहीत. आम्ही कानात कापूस घालतो, तो पुरेसा नाही का?

---

श्रवणा | १६ जून, दुपारी २.००

दादा, कापूस अगदीच थोडा आवाज अडवतो. फोमचे किंवा वादकांसाठी मिळणारे इअरप्लग वापरा, आणि पथकातल्या सगळ्यांना वापरायला लावा. ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरली जाते आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. ताशाच्या पुढ्यात तुम्ही किती तास असता याचा हिशोब तुम्हीच करा. कान वाजणं म्हणजे कानाला मार बसल्याची खूण आहे. सरावाचे दिवस जवळ आलेत, त्याआधी चाचणी करून घ्या.

---

वैद्य_शुभदा | १६ जून, रात्री ८.१५

आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले, त्यात कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड (कानात येणारा दुसऱ्या प्रकारचा आवाज) वेगळे नोंदवले आहेत. दोन्हींत वाताचा संबंध मानतात. जबड्याला बाहेरून कोमट तिळतेलानं अभ्यंग आणि मग शेक, यानं आखडलेले स्नायू सैल होतात असा माझा अनुभव आहे.

---

नाना_देवरुखकर | १६ जून, रात्री ८.४०

आमच्याकडे लसूण घालून कडवलेलं तेल कानात सोडायचे. आई आठवड्याला सोडायची.

---

वैद्य_शुभदा | १६ जून, रात्री ९.०५

नानाकाका, माझ्याकडे येणाऱ्यांना मी तेच सांगते: पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी दुर्बिणीनं पाहिल्याशिवाय कानात थेंबभरही काही घालायचं नाही. लसणाचं कडवलेलं तेल तर नकोच, त्यानं कातडी भाजते. मी वर लिहिलंय ते गालावर बाहेरून लावायचं.

---

उमा_जळगाव | १७ जून, सकाळी ११.००

वेगळाच प्रश्न आहे, चालेल का? माझ्या दिरांना कान बंद झाल्यासारखे वाटतात, कधी आवाज येतो. त्यांचं तोंडही आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. तिखट अजिबात सहन होत नाही. गेली पंधरा वर्षं सुपारी चघळतात, आधी गुटखाही होता. हा जबड्याचाच सांधा का?

---

दातवाली_डॉक्टर | १७ जून, सकाळी ११.२५

उमाताई, त्यांना याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या. तोंड कमी उघडणं, तिखट झोंबणं आणि सुपारी हे तिन्ही एकत्र म्हणजे सांध्यापेक्षा ओरल सबम्युकस फायब्रोसिसची शंका आधी येते. गालाच्या आत आणि टाळूत पांढुरके कडक पट्टे तयार होतात. टाळूचे जे स्नायू घशातून कानाकडे जाणारी नळी उघडतात, तेही आखडतात, म्हणून कान बंद वाटतात. ही अवस्था कर्करोगाच्या आधीची धरली जाते, म्हणून घाई करते आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण साधी सुपारीही हा आजार करते. "मी तंबाखू कुठे खातो, नुसती सुपारी" हे वाक्य मी रोज ऐकते. सुपारी आजपासून बंद.

---

उमा_जळगाव | १७ जून, सकाळी ११.४०

शनिवारची वेळ घेतली. मनापासून आभार.

---

खवय्या_कोल्हापूर | १७ जून, दुपारी १.३०

मृण्मयीताई, मऊ खायचं म्हणजे उपाशी राहायचं नाही. मुगाची खिचडी आणि वर तूप, दुधात कुस्करलेली भाकरी, भोपळ्याचं भरीत, आंबोळी, ताकातला पालक. तांबडा-पांढरा रस्साही चालतो, मटणाचे तुकडे घरच्यांना द्या, तेही खूश! चिक्की, कडक बुंदीचा लाडू, कणीस, फुटाणे महिनाभर बंद.

---

लीड्सची_गौरी | १७ जून, रात्री ११.५०

मानेबद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून लिहिते. मी घरून काम करते, लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर. जबडा आणि कान दोन्हींचा त्रास होता. इथल्या फिजिओनं पहिल्या दिवशी जबड्याला हातही लावला नाही, लॅपटॉपखाली पुस्तकांची चवड ठेवायला सांगितलं. मान पुढे काढून बसलं की खालचा जबडा मागे ओढला जातो आणि दात आपोआप मिटतात. आत्ता वाचता वाचता करून बघा. मग त्यांनी शिकवलं ते एवढंच: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक पुढच्या दातांच्या मागे टाळूला. चावताना आणि गिळताना सोडून दिवसभर दातांनी एकमेकांना शिवायचं नाही.

---

रानजाई | १८ जून, सकाळी ७.१०

वाचताना माझे दात मिटलेलेच होते.

---

अभिजित_ठाणे | १८ जून, सकाळी ७.२५

माझेही.

---

मृण्मयी_सांगली | २ सप्टेंबर, रात्री ९.४५

मंडळी, धागा वर आणते आहे. सगळ्यांचं ऋण आहे, म्हणून काय झालं ते नीट लिहिते.

श्रवणाताईंचं वाचून डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारलं. एका कानातला आवाज अडीच महिन्यांहून जास्त टिकलाय म्हटल्यावर त्यांनीच चिठ्ठी दिली. काही निघालं नाही. रिपोर्ट हातात पडल्या रात्री आवाज होता तेवढाच होता, पण मी पंखा बंद करून झोपले.

मग दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी गालाचा स्नायू दाबला आणि कानातली शिट्टी एकदम मोठी झाली. मी दचकलेच. रात्रीची पट्टी दिली. तीन आठवड्यांनी त्यांनी ती उजेडात धरून दाखवली: उजवीकडे पुसट ओरखडे आणि डावीकडे मागच्या बाजूला नखभर खळगा, गुळगुळीत, घासून घासून पडलेला. रात्रभर मी काय करते ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

पण पट्टी रात्रीची. दिवसाचं काय, हे गौरीताईंच्या प्रतिसादामुळे शोधलं. लक्ष ठेवलं तर कळलं की मी वह्या तपासताना दात आवळते. लाल पेन हातात आलं की जबडा बंद. ४२ मुलांच्या वह्या म्हणजे दीड तास. म्हणून मी टिकल्या लावल्या. कंपासपेटीवर एक, ओट्यावरच्या मिठाच्या बरणीवर एक, स्कूटीच्या काट्यांच्या काचेवर एक. टिकली दिसली की दात सोडायचे, जीभ टाळूला. पहिल्या दिवशी कंपासपेटीवरच्या टिकलीनं मला वीस-बावीस वेळा पकडलं. आता चार-पाचदा. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची टिकली कंपासपेटीला चिकटलीय." म्हटलं, राहू दे गं, ती तिथलीच आहे.

आजची स्थिती: कानापुढचं दुखणं गेलं. 'कट्' अजून होतो, पण दुखत नाही. आवाज गेलेला नाही. सकाळी जवळजवळ नसतो, वह्यांच्या दिवशी संध्याकाळी येतो. जबडा पुढे काढला की अजूनही चढतो, फक्त आता मी तो काढून बघत बसत नाही.

---

श्रवणा | ३ सप्टेंबर, सकाळी ९.१०

टिकलीची युक्ती मी माझ्या रुग्णांना सांगणार, परवानगी आहे ना? आवाज पूर्ण थांबेलच असं मी म्हणणार नाही. पण दिवसाप्रमाणे वर-खाली होतोय आणि त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, ही चांगली खूण आहे. पट्टी दर काही महिन्यांनी तपासून घ्या.

---

ताशेवाला_कसबा | ३ सप्टेंबर, दुपारी १.००

पथकात यंदा ३५ जणांनी इअरप्लग घेतले. माझ्या चाचणीत खड्डा निघाला, दोन्ही कानांत. यंदा मी ताशा नाही, ध्वज धरतोय.

---

नाना_देवरुखकर | ३ सप्टेंबर, रात्री ८.३०

मृण्मयीताई, 'पटत नाही' हा प्रतिसाद माझाच होता आणि तो चुकला, हे इथे लिहिलंच पाहिजे. करंगळ्या घालून पाहिल्या, सांधा लागला. जबडा पुढे, मागे, बाजूला सगळं केलं. माझे रातकिडे तसूभरही हलले नाहीत. म्हणजे माझं कारण वेगळं दिसतंय. हृदयासाठी रोज ७५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिन घेतो, त्यानं होत असेल का? बंद करू का?

---

श्रवणा | ३ सप्टेंबर, रात्री ८.४५

नानाकाका, ती गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका! कानात आवाज मोठ्या मात्रेच्या ॲस्पिरिननं येतो, एवढ्या छोट्या मात्रेनं सहसा नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका. सहा-सात वर्षांत ऐकण्याची चाचणी केलीत का?

---

नाना_देवरुखकर | ३ सप्टेंबर, रात्री ८.५२

नाही. सूनबाई शेजारीच बसून वाचते आहे. रत्नागिरीला मंगळवारची वेळ घेतली तिनं.